साडेपाच परगण्यांचे वैर

१५२४ साली सोलापुरात एक शाही लग्न लागले. नवरदेव अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा, वधू विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण बीबी मरियम. दोन्ही सुलतान जातीने हजर होते. सोयरीक जुळवली होती शाह ताहिर या इराणातून आलेल्या विद्वानाने. सोलापूरचा किल्ला आणि त्याच्या आसपासचे साडेपाच परगणे वधूबरोबर आंदण म्हणून अहमदनगरला मिळायचे, असे ठरले होते. लग्न थाटात झाले, वऱ्हाड परतले, आंदण काही आले नाही. विजापूरकरांनी कानांवर हात ठेवले. पुढच्याच वर्षी नवरदेव मेहुण्यावर फौज घेऊन चालून आला.

देण्याघेण्यावरून रुसलेले जावई महाराष्ट्राने पुष्कळ पाहिले आहेत. हा रुसवा मात्र ११२ वर्षे टिकला. तो धरणाऱ्या घराण्याचे आयुष्यच उणेपुरे १४६ वर्षांचे होते. म्हणून निजामशाहीचा उदय, तिचे ऐश्वर्य आणि तिचा शेवट या एका भांडणाच्या धाग्याने वाचता येतो. भांडणाची प्रत्येक फेरी एकाच वळणाने गेली. दोघांपैकी कोणाचेच बळ पुरे पडेना, की तिसऱ्याला बोलावले जाई. तिसरा येई, काम करून देई आणि जाताना दोघांचेही काहीतरी घेऊन जाई.

जुन्नरचा जहागीरदार

निजामशाहीचा जन्मच दरबारी वैरातून झाला. बहमनी राज्यात दोन तट पडले होते. इराण, तुर्कस्तान, अरबस्तानातून समुद्रमार्गे आलेले ते आफाकी, आणि इथेच जन्मलेले, वाढलेले ते दखनी. अबिसीनियातून आलेले हबशीही बहुधा दखन्यांच्या बाजूने असत. बिदरचा थोर वजीर महमूद गावान इराणच्या गिलान प्रांतातला, म्हणजे आफाकी. त्याच्या नावाचे खोटे पत्र सुलतानापुढे ठेवले गेले आणि ५ एप्रिल १४८१ रोजी त्याचे डोके उडवण्यात आले. या कटात दखनी तटाचा पुढारी मलिक हसन निजाम-उल-मुल्क बहिरी याचा हात होता. गावानच्या जागी वजीर तोच झाला.

मलिक हसन मूळचा कोण, याच्या दोन कथा आहेत. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की तो पाथरीच्या ब्राह्मण घरातला मुलगा. विजयनगरच्या मुलखात बहमनी फौजेच्या हाती लागला आणि मुसलमान होऊन सुलतानाच्या घरी वाढला. निजामशाही घराण्याच्या पदरी असलेल्या सय्यद अली तबातबाने मात्र ते घराणे बहमनी राजरक्ताचे ठरवले. दरबारी लेखक धन्याला थोर कूळ देतोच, त्यामुळे बहुतेक अभ्यासकांचा कल फिरिश्त्याकडे आहे. पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहीत होती आणि निजामशहांनी ती मिळवण्यासाठी आधी अदलाबदलीची बोलणी केली, मग लढाया केल्या, हेही त्या कथेला धरूनच आहे.

गावानच्या खुनावर उभी राहिलेली वजिरी फार टिकली नाही. १४८६ मध्ये मलिक हसनही बिदरमध्ये मारला गेला. त्याचा मुलगा मलिक अहमद तेव्हा जुन्नरला होता. शिवनेरीसह घाटमाथ्यावरचे आणि कोकणातले किल्ले त्याने एकेक करून ताब्यात घेतले होते. त्याला वठणीवर आणायला बिदरहून एकामागून एक फौजा आल्या. १४९० मध्ये भिंगारजवळ बेसावध असलेल्या अशाच एका फौजेवर त्याने पहाटे झडप घातली आणि तिचा धुव्वा उडवला. विजयाच्या जागेवर त्याने बाग उठवली. १४९४ मध्ये तिच्या शेजारी, सीना नदीच्या काठी, शहराची आखणी सुरू झाली आणि शहराला नाव मिळाले अहमदनगर. सध्याचे अहिल्यानगर ते हेच.

दौलताबादचा किल्ला त्याला १४९९ मध्ये मिळाला आणि तिथेही सोयरीक आडवी आलीच. त्याने आपली बहीण तिथल्या दोघा किल्लेदार भावांपैकी थोरल्याला दिली होती. नव्या नात्याने थोरल्याचे बळ वाढेल या भीतीने धाकट्याने भावाला आणि त्याच्या तान्ह्या मुलाला मारले. मलिक अहमदने त्याचे निमित्त करून दरवर्षी किल्ल्याभोवतीचा मुलूख उजाड केला. शेवटी किल्ला शरण आला. तलवार, सोयरीक आणि चिकाटी एवढ्या भांडवलावर नव्या घराण्याने वीस वर्षांत जुन्नरपासून गोदावरीपर्यंत आणि कोकणात चौलच्या बंदरापर्यंत हातपाय पसरले.

सोलापूरच का?

बहमनी राज्याचे पाच तुकडे झाले. अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही, वऱ्हाडची इमादशाही आणि बिदरची बरीदशाही. यांत पहिल्या दोघांचे जमणे अवघड होते, कारण त्यांच्यामध्ये नदी-डोंगराची ठळक सीमा नव्हती. अहमदनगरजवळ उगम पावणारी सीना आग्नेयेला वाहत जाते आणि सोलापूरच्या दक्षिणेला भीमेला मिळते. या दोन नद्यांमधला पट्टा काळ्या कसदार जमिनीचा, ज्वारीचा. उघड्या माळावर घोडदळाला अडवणारे काही नाही. अडवायचे तर सोलापूर, परांडा, नळदुर्ग अशा भुईकोट किल्ल्यांनीच. सोलापूर अहमदनगरकडे असेल तर विजापूर जेमतेम शंभर किलोमीटरवर उरते. ते विजापूरकडे असेल तर सीनेच्या खोऱ्यातून अहमदनगरची वाट मोकळी.

बहमनी काळाच्या शेवटी हा मुलूख दोन भावांत निम्मानिम्मा वाटलेला होता. एक भाऊ परांड्याला, दुसरा सोलापूरला. अकरा परगण्यांचे साडेपाच-साडेपाच असे वाटे पडले. परांड्याचा भाऊ अहमदनगरच्या छत्राखाली गेला, सोलापूरचा वाटा विजापूरने गिळला. अर्ध्या परगण्याचा तो हिशेब पुढे शंभर वर्षे तहांच्या कागदांत फिरत राहिला.

मलिक अहमदचा मुलगा बुऱ्हाण गादीवर आला तेव्हा सात वर्षांचा होता आणि त्याने चार दशकांहून अधिक काळ राज्य केले. १५२५ च्या लढाईत त्याने वऱ्हाड आणि बिदरला बरोबर घेऊन सोलापूरला वेढा दिला. विजापूरच्या असदखान लारीने तो उधळून लावला. मग बुऱ्हाणाच्या मागे उत्तरेकडून गुजरातचा बहादूरशहा लागला आणि त्याचे वर्चस्व मान्य करून बुऱ्हाणाला सुटका करून घ्यावी लागली. या घालमेलीच्या काळात त्याने पेशवेपद एका ब्राह्मणाला दिले. फिरिश्ता त्याचे नाव कंवरसेन असे देतो. १५३७ च्या सुमारास शाह ताहिरच्या प्रभावाने बुऱ्हाणाने शिया पंथ स्वीकारला. आजारी मुलगा अब्दुल कादिर बरा झाला म्हणून त्याने हा निर्णय घेतला असे सांगतात. त्यावरून शहरात दंगल उसळली आणि सुन्नी शेजाऱ्यांना चालून यायला निमित्त मिळाले. सोलापूर दूरच राहिले.

तिसऱ्याची फौज

जे जावयाला जमले नाही ते रामरायाने करून दिले. विजयनगरचा हा कारभारी दखनी सुलतानांना पुरते ओळखून होता. एकाला दुसऱ्याविरुद्ध मदत करायची, पुढच्या वर्षी बाजू बदलायची आणि दर वेळी एखादा प्रांत पदरात पाडून घ्यायचा, ही त्याची रीत. १५५२ मध्ये बुऱ्हाणाने त्याच्याशी संधान बांधले. दोघांनी मिळून विजापूरवर चाल केली. रायचूरचा दोआब विजयनगरला गेला आणि सोलापूर अहमदनगरला मिळाले. लग्नाला २८ वर्षे झाल्यावर आंदण वसूल झाले. पुढच्याच वर्षी बुऱ्हाण वारला.

त्याचा मुलगा हुसेन गादीवर बसला. १५५८ मध्ये विजापुरात अली आदिलशहा आला आणि बापाने केलेला डाव हुसेनवर उलटला. रामरायाचा मुलगा वारला होता. तरुण अली थोडी माणसे घेऊन थेट विजयनगरला समाचाराला गेला आणि मैत्री जोडून आला. मग त्याने हुसेनकडे सोलापूर आणि कल्याणी हे किल्ले मागितले. हुसेनने उर्मट उत्तर धाडले. विजयनगर, विजापूर आणि गोवळकोंडा या तिघांच्या फौजा अहमदनगरवर चालून आल्या आणि हुसेनला राजधानी सोडून पळावे लागले.

तहासाठी रामरायाच्या छावणीत हुसेनला स्वतः जावे लागले. त्या भेटीची हकीकत फिरिश्त्याने लिहून ठेवली आहे. रामरायाने उठून त्याचा हात हाती घेतला. हुसेनने तिथल्या तिथे पाणी मागवून हात धुतले. रामराया संतापला आणि त्यानेही पाणी मागवून हात धुतले. कल्याणी विजापूरला देऊन हुसेन परतला. काही काळाने ती परत घेण्यासाठी त्याने गोवळकोंड्याला आपल्याकडे वळवले; १५६२ मध्ये विजयनगर आणि विजापूरची फौज पुन्हा अहमदनगरच्या भिंतींशी आली. या वेळी पावसाळा आडवा आला. सीनेला अचानक पूर आला आणि काठावर पडलेल्या विजयनगरच्या छावणीतली माणसे, जनावरे वाहून गेली.

या दोन स्वाऱ्यांची खूण अजून उभी आहे. अहमदनगरचा किल्ला तोवर मातीचा होता. १५५९ नंतर हुसेनने तो घडीव दगडात बांधून काढला, बाहेरून खोल खंदक खणला. तोफांचा कारखाना त्याच्या बापाच्या काळापासून होताच. विजापूरची प्रसिद्ध मुलूख-मैदान तोफ मुळात अहमदनगरची. १५४९ मध्ये मुहम्मद बिन हसन रूमी या कारागिराने ती इथे ओतली. वजन सुमारे ५५ टन. आधी ती परांड्याच्या किल्ल्यावर होती.

दोन लग्ने आणि एक लढाई

रामरायाने सगळ्यांनाच इतके नाचवले की शेवटी त्याच्या भीतीने भांडणारे एकत्र आले. हे आले कसे, तर पुन्हा सोयरिकीने. हुसेनने आपली मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली आणि तिच्याबरोबर सोलापूर आंदण दिले. अलीची बहीण हदिया सुलताना हुसेनचा मुलगा मुर्तजा याला दिली गेली. चाळीस वर्षांपूर्वी विजापूरने जो किल्ला बहिणीबरोबर द्यायचा टाळला होता, तोच आता अहमदनगरने लेकीबरोबर देऊन टाकला. या वेळी आंदण खरोखर पोहोचले.

२३ जानेवारी १५६५ रोजी कृष्णेच्या दक्षिणेला लढाई झाली. तिला आपण तालिकोटची किंवा राक्षसतंगडीची लढाई म्हणतो. मधली फळी हुसेनची होती आणि तिच्यापुढे त्याचा तोफखाना. विजयनगरची फौज अंगावर येत असताना तोफांत तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या भरून जवळून बार काढले गेले, असे फिरिश्ता लिहितो. रामराया जिवंत सापडला. हुसेनने त्याला समोर आणवून त्याचे शिर उतरवले. हात धुण्याचा हिशेब असा चुकता झाला.

विजयनगर लुटले गेले, पण हुसेनला विजय भोगायला मिळाला नाही. काही महिन्यांतच तो वारला. त्याच्या गौरवासाठी आफताबी नावाच्या कवीने ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हे फारसी काव्य रचले. त्याची चित्रांनी सजलेली पोथी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात आहे. दखनी चित्रकलेचा हा सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक. चित्रांत सुलतानाशेजारी त्याची बेगम खुंजा हुमायून बसलेली होती. पुढे कोणीतरी तिची आकृती बहुतेक चित्रांतून पुसून टाकली.

ती का पुसली असावी, ते पुढच्या घटनांवरून कळते. मुर्तजा लहान असल्याने कारभार आईच्या हाती आला. तिने भावांना मोठमोठ्या जहागिरी दिल्या. सरदार चिडले. १५६९ मध्ये मुर्तजाने त्यांच्या मदतीने आईला कैद केले. या घराण्यात आता वैराचे तोंड आतल्या बाजूला वळू लागले होते.

ऐन भरात लागलेली कीड

नकाशा पाहिला तर मुर्तजाचा काळ सर्वांत भरभराटीचा. विजापूर आणि अहमदनगर यांच्यात प्रथमच शहाणपणाचा करार झाला. विजापूरने कर्नाटकात हवे ते जिंकावे, अहमदनगरने वऱ्हाड घ्यावे, कोणी कोणाच्या आड येऊ नये. दोघांनी मिळून १५७० मध्ये पोर्तुगीजांवरही हात टाकून पाहिला. विजापूरने गोव्याला वेढा घातला, मुर्तजाने चौलला. चौलमध्ये पोर्तुगीजांना किल्ला बांधू दिला होता तो त्याच्याच आजोबांनी, १५२१ मध्ये, समुद्रातून येणाऱ्या घोड्यांच्या लोभाने. महिनोन्‌महिने तोफा चालल्या, तरी दोन्ही वेढे फसले. वऱ्हाडची मोहीम मात्र फत्ते झाली. १५७४ मध्ये इमादशाही संपली आणि निजामशाहीची सीमा पार गाविलगड-नरनाळ्यापर्यंत गेली.

या यशाचा शिल्पकार वजीर चंगीजखान होता. त्याच्याविरुद्ध सुलतानाचे कान भरले गेले आणि मुर्तजाने त्याला विष दिले. नंतर तो निर्दोष होता हे कळल्यावर मुर्तजा दरबारातूनच उठला. वर्षानुवर्षे तो बागेतल्या महालात एकांतात राहिला. लोक त्याला दिवाणा म्हणू लागले. राज्य सलाबतखानासारखे वजीर चालवीत. अहमदनगरजवळच्या डोंगरावर आज ज्याला चांदबिबीचा महाल म्हणतात, ती वास्तविक या सलाबतखानाची कबर आहे.

१५८८ मध्ये मुर्तजाला त्याच्याच मुलाने, मीरान हुसेनने, हमामखान्यात कोंडून खालून आग पेटवून मारले. त्या दिवशी महालाच्या पहाऱ्यावर तरुण फिरिश्ता होता. मीरान हुसेनने ओळखले म्हणून तो वाचला आणि पुढे विजापूरला निघून गेला. निजामशाहीचा हा इतिहास आपण वाचतो तो असा तिच्या घरात वाढलेल्या आणि वैऱ्याच्या आश्रयाने लिहिणाऱ्या माणसाच्या लेखणीतून.

बापाला मारणाऱ्या मुलाचे वर्षही पुरे झाले नाही. वजीर मिर्झाखानाने, तो आफाकी, त्याला मारले आणि लोहगडावर कैदेत असलेल्या इस्माईल या पोराला आणून गादीवर बसवले. त्यावर दखनी तटाच्या जमालखानाने शहर पेटवले. आफाक्यांची सरसकट कत्तल झाली. इस्माईलचा बाप, दुसरा बुऱ्हाण, पूर्वीच पळून अकबराच्या आश्रयाला गेला होता. तो आता परतला. खानदेशच्या राजे अलीखानाने आणि विजापूरने त्याला साथ दिली. १५९१ मध्ये बुलढाण्याकडच्या रोहिणखेडला जमालखान पडला, मुलगा पदच्युत झाला आणि बाप सुलतान झाला. अकबराला वाटले होते की हा आपला मांडलिक राहील. बुऱ्हाणाने गादीवर बसताच ते नाते झटकले. तो राग अकबर विसरला नाही.

चार दावेदार

१५९५ मध्ये बुऱ्हाण वारला. त्याचा मुलगा इब्राहीम चार महिन्यांत विजापूरविरुद्धच्या लढाईत मारला गेला. पुढे जे झाले त्याला राज्यकारभार म्हणवत नाही. मियां मंजू या दखनी सरदाराने अहमद नावाचा मुलगा निजामशाही रक्ताचा म्हणून गादीवर बसवला. इखलासखान हबशीने बाजारातून मोती नावाचा दुसरा उभा केला. आहंगखान हबशीने पहिल्या बुऱ्हाणाचा म्हातारा मुलगा शाह अली याला पुढे केले. चांदबिबीने इब्राहीमच्या तान्ह्या बहादूरचा हक्क खरा मानला. कोंडीत सापडलेल्या मियां मंजूने गुजरातेत असलेल्या मोगल शहजादा मुरादला पत्र लिहून मदतीला बोलावले.

मुराद आणि खानखानान अब्दुर्रहीम यांची फौज येईतो इकडे मियां मंजूने हबशांना हरवले होते. त्याला पाहुण्यांची गरज उरली नव्हती, पण पाहुणे निघाले होते. डिसेंबर १५९५ मध्ये मोगल अहमदनगरपुढे येऊन ठेपले. मियां मंजू आपला सुलतान घेऊन निसटला. किल्ल्यात राहिली चांदबिबी.

अली आदिलशहाचा १५८० मध्ये खून झाल्यावर तिने विजापुरात नऊ वर्षांच्या इब्राहीम आदिलशहाच्या नावाने कारभार पाहिला होता. तटातटांचे राजकारण, कैद, सुटका हे सारे तिने तिथेच भोगले होते. माहेरी परतली तर इथेही तेच. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. किल्ल्यातल्यांनी त्यांतले काही शोधून निकामी केले. फेब्रुवारी १५९६ मध्ये एक उडाला आणि तटाला मोठे खिंडार पडले. चिलखत चढवून, बुरखा घेऊन, हाती तलवार धरून चांदबिबी खिंडारात उभी राहिली. हल्ले परतवले गेले आणि रातोरात भिंत पुरुषभर उंच उभारली गेली. दोन्हीकडे धान्य संपत आले होते. विजापूर आणि गोवळकोंड्याची मदत निघाल्याची बातमीही होती. मार्चमध्ये तह झाला. बहादूर सुलतान म्हणून मान्य झाला आणि वऱ्हाड मोगलांना गेले. १५७४ मध्ये कमावलेले २२ वर्षांनी हातचे गेले.

या वेढ्याने विजापूरला पहिल्यांदा समजले की अहमदनगर पडले तर पुढचा नंबर आपला. १५९७ मध्ये सोनपेठजवळच्या लढाईत विजापूरचा सुहेलखान तिन्ही राज्यांची फौज घेऊन मोगलांशी लढला आणि हरला. १६०० मध्ये शहजादा दानियालने पुन्हा वेढा घातला. या वेळी चांदबिबीला किल्ला टिकेलसे वाटेना. वाटाघाट करून बाल सुलतानाला वाचवावे असे तिचे मत होते. किल्ल्यात ओरड झाली की ती फितूर आहे. जमाव तिच्या महालात शिरला आणि तिला मारले. ऑगस्टमध्ये किल्ला पडला. बहादूर ग्वाल्हेरच्या तुरुंगात गेला.

राजधानीवाचून राज्य

राजधानी गेली, सुलतान गेला, तरी राज्य आणखी ३६ वर्षे जगले. ते जगवले मलिक अंबरने. इथिओपियात जन्मलेला, मोखा-बगदादच्या बाजारांत विकला गेलेला हा मुलगा अहमदनगरला आला तो त्याच चंगीजखानाचा गुलाम म्हणून. अंबरने शाह अलीच्या मुलाला दुसरा मुर्तजा म्हणून परांड्याला गादीवर बसवले आणि त्याला आपली मुलगी दिली. राजधानी परांडा, जुन्नर, दौलताबाद अशी फिरत राहिली. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, जमिनीखालून नहरीने तिला पाणी आणले. तेच पुढचे औरंगाबाद.

अंबरचे बळ डोंगरात आणि मराठी घोडेस्वारांत होते. समोरासमोर भिडायचे नाही, रसद तोडायची, छावणी झोपू द्यायची नाही. सिंदखेडचे लखुजी जाधवराव, वेरूळचे भोसले अशी घराणी या काळात पुढे आली. मालोजीराजांनी आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली ती अहमदनगरच्या शाह शरीफ या पीराच्या श्रद्धेने, असे परंपरा सांगते. जहांगीरला अंबर इतका सलत होता की त्याच्या छिन्न मुंडक्यावर बादशहा बाण मारतो आहे असे चित्र दरबारी चित्रकाराने काढले. प्रत्यक्षात अंबर मोगलांच्या हाती कधीच लागला नाही.

विजापूरने आरंभी अंबरला मदत केली. पण जुने वैर उसळलेच. १६२४ मध्ये आदिलशाहीने मोगलांशी हातमिळवणी केली आणि दोघांच्या फौजा अहमदनगरजवळ भातवडीला जमल्या. अंबरने तलावाचा बांध फोडून त्यांच्या छावणीत चिखल केला आणि मग तुटून पडला. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी ठार झाला. अंबरकडून लढताना शहाजीराजांचे भाऊ शरीफजी पडले. जिंकल्यावर अंबर मोगलांच्या मागे लागला नाही. तो विजापूरवर गेला, इब्राहीम आदिलशहाने हौसेने वसवलेले नवरसपूर त्याने लुटले आणि सोलापूर घेतले. सारे हिंदुस्थानचे सैन्य उरावर असताना अहमदनगरच्या मनात अजून ते साडेपाच परगणेच होते.

आंदण कोणाला पावले

१६२६ मध्ये अंबर वारला. पुढली दहा वर्षे म्हणजे आपल्याच माणसांना तोडण्याचा सपाटा. १६२९ मध्ये लखुजी जाधवरावांना मुलांसह दौलताबादच्या दरबारात बोलावून कापून काढले. पाठोपाठ १६३० ते १६३२ चा भीषण दुष्काळ पडला. अंबरचा मुलगा फत्तेखान याने सुलतानाला मारले आणि एक पोर गादीवर बसवले. या पडझडीत परांडा विजापूरच्या हाती गेला. १६३२ मध्ये विजापूरच्या मुरार जगदेवाने तिथून मुलूख-मैदान तोफ विजापूरला नेली. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांनी घेतले. तेव्हा शहाजीराजांनी संगमनेरजवळ पेमगिरीवर घराण्यातला आणखी एक मुलगा गादीवर बसवला आणि तीन वर्षे त्याच्या नावाने राज्य चालवले.

शहाजहान स्वतः दक्षिणेत उतरला आणि त्याने विजापूरपुढे दोन वाटा ठेवल्या. शहाजीला साथ देऊन राज्य जाळून घ्या, नाहीतर निजामशाही वाटून घ्या. मे १६३६ मध्ये मुहम्मद आदिलशहाने दुसरी वाट धरली. २० लाख रुपयांची पेशकश कबूल करून त्याने निजामशाहीचे पन्नासएक परगणे मिळवले. पुणे-चाकणकडचा मुलूख, कोकणपट्टी, परांडा आणि सोलापूर. माहुलीच्या किल्ल्यावर मोगल आणि विजापूर या दोघांच्या वेढ्यात शहाजीराजांनी शेवटचा निजामशहा स्वाधीन केला आणि ते आदिलशाहीत गेले.

कागदावर पाहिले तर सोलापूरचा दावा विजापूरने जिंकला. मोबदल्यात त्याने मोगल सरहद्द भीमेपर्यंत आणून ठेवली. सव्वाशे-दीडशे वर्षे उत्तरेकडचा प्रत्येक वार आधी अहमदनगरने खाल्ला होता. तो वैरी नाहीसा झाला आणि विजापूरची ढालही गेली. सोलापूर १६६८ च्या तहात मोगलांना द्यावे लागले. १६८६ मध्ये विजापूर पडले. १६३६ च्या तहाला तेव्हा बरोबर ५० वर्षे झाली होती.

या भांडणाचा अर्थ ज्याला नेमका कळला, तो निजामशाहीच्याच शिवनेरीवर जन्मला होता. १६७७ मध्ये कुतुबशहाशी मैत्री करून कर्नाटकात उतरताना शिवाजीमहाराजांनी मालोजी घोरपड्यांना एक लांब पत्र धाडले. मालोजींचे वडील बाजी घोरपडे यांनी शहाजीराजांना कैद करवले होते आणि त्याचा सूड म्हणून महाराजांनी बाजींना मारले होते. एवढे रक्त मध्ये असताना महाराज लिहितात ते असे, की मागचे वैर दोघांनी मनातून काढावे, विजापुरातल्या पठाणाला आणि मोगलाला इथे पाय रोवू देऊ नये, दक्षिणेची पातशाही दक्षिणेच्या माणसांच्या हाती राहावी. हुसेन निजामशहा आणि अली आदिलशहा हे एकदाच, १५६४ मध्ये, या विचाराच्या जवळ आले होते, तेही एका लढाईपुरते.